चौक भरतात, मतपेट्या रिकाम्या

इटलीत प्रत्येक मतदाराकडे एक घडीचं कार्ड असतं. त्यावर अठरा कोरे चौकोन छापलेले. मतदानाला गेलं की केंद्रावरचा कर्मचारी एका चौकोनात शिक्का मारतो, सहजी पुसली न जाणारी एक खास पेन्सिल हातात देतो आणि मत नोंदवून झालं की ती परत मागून घेतो. अठराही चौकोन भरले की नगरपालिकेत जाऊन नवं कार्ड घ्यायचं. ही पद्धत 2000 नंतर आली, म्हणजे नेमकी अशा काळात, जेव्हा चौकोन भरण्याचा लोकांचा उत्साह उताराला लागला होता. 1976च्या संसदीय निवडणुकीत 93 टक्क्यांवर मतदान झालं होतं. युरोपात ज्या देशांत मतदान सक्तीचं नव्हतं, तिथे असा आकडा क्वचितच दिसे. 2008 साली तो 80 टक्क्यांवर आला, 2018मध्ये 73वर आणि 2022मध्ये 64वर. 2024च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तर निम्म्याहून कमी मतदार आले. 1979 साली ही निवडणूक सुरू झाली तेव्हा हाच देश 85 टक्क्यांच्या वर होता.

या घसरणीचं खापर बहुतेक वेळा तरुणांच्या माथी फुटतं. आजच्या मुलांना घर, मित्र, मोबाइल आणि स्वतःचं सुख एवढंच कळतं, देशाचं त्यांना काही पडलेलं नाही, असा सूर इटलीतल्या वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत आणि मंत्र्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं ऐकू येतो. त्याला विद्वत्तेचा आधारही आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफिल्ड यांनी दक्षिण इटलीतल्या क्यारोमोन्ते या गावाचा अभ्यास करून 1958 साली एक पुस्तक लिहिलं. आपल्या कुटुंबाचा तात्पुरता फायदा पाहायचा आणि बाकीचेही तेच करणार असं गृहीत धरायचं, हीच तिथल्या माणसाची नीती, असा त्याचा निष्कर्ष. एका गावावरचं हे निदान पुढे सगळ्या देशाला चिकटलं. इटालियन माणूस मुळातच घरकोंबडा, सार्वजनिक कामाचा त्याला कंटाळा, आणि तरुण पिढी म्हणजे त्याचीच पुढची आवृत्ती, असं म्हणून टाकलं की विषय संपतो.

हे स्पष्टीकरण सोयीचं आहे, पण आकड्यांपुढे टिकत नाही. मिलानच्या ‘इयार्ड’ संस्थेने 1983पासून 2004पर्यंत दर चार-पाच वर्षांनी इटलीतल्या तरुणांची मोठी पाहणी केली. आलेस्सांद्रो काव्हाल्ली आणि आन्तोनियो दे लिल्लो हे समाजशास्त्रज्ञ या कामाच्या अग्रभागी होते. आयुष्यात तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, हा त्यातला एक प्रश्न. कुटुंब, काम, प्रेम आणि मैत्री ही उत्तरं प्रत्येक फेरीत वर राहिली. राजकीय काम ‘फार महत्त्वाचं’ मानणारे प्रत्येक वेळी तळाशी, एक आकडी टक्क्यांत. पहिल्या फेरीपासूनच असं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. त्याच 1983 साली संसदेसाठी 88 टक्के मतदान झालं. एकूण आकडा एवढा मोठा असताना तरुण मोठ्या संख्येने घरी बसले असतील, हे गणितातच बसत नाही. घर आणि मित्र हेच जग मानणारी, राजकारणाला शेवटचा क्रमांक देणारी मुलं तेव्हा मतदानाला जात होती. आज त्याच क्रमाने उत्तरं देणारी जात नाहीत. मूल्यं जागेवर आणि वागणं बदललेलं, असं असेल तर कारण मूल्यांत शोधून हाती काही लागणार नाही. बदललं ते घर आणि मतपेटी यांच्या मधलं जग.

इथे एक शंका रास्त आहे. जुनं मतदान खरंच मनापासून होतं का? इटलीच्या राज्यघटनेचं 48वं कलम मतदानाला नागरिकाचं कर्तव्य म्हणतं. 1993पर्यंत कायदाही असा होता, की जो मतदानाला गेला नाही त्याच्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर ‘मतदान केलं नाही’ असा शेरा पाच वर्षं राहायचा. सरकारी नोकरीसाठी दाखला लागणाऱ्या तरुणाला या शेऱ्याची धास्ती वाटत असणारच. पण ती धास्ती हेच खरं कारण असतं, तर शेरा रद्द होताच आकडा कोसळायला हवा होता. तसं झालं नाही. तेरा वर्षांनंतर, 2006 सालीही 83 टक्क्यांहून अधिक लोक मतदानाला गेले. मोठी पडझड त्यानंतरची आहे.

मधलं जग म्हणजे काय, हे एमिलिया-रोमान्या प्रांतात चांगलं दिसायचं. उन्हाळ्यात गावोगावी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘उनिता’ या मुखपत्राच्या नावाने जत्रा भरे. बायाबापड्या मोठ्या टेबलांभोवती बसून हाताने तोर्तेल्लिनी वळत, पुरुष निखाऱ्यावर सॉसेज भाजत, रात्री अकॉर्डियनवर जोडीने नाच चाले, आणि कुठेतरी कोपऱ्यात एखादा पुढारी भाषण करी. पोरं काही भाषण ऐकायला जात नसत. ती खाण्यासाठी, नाचासाठी आणि पोरींसाठी जात. जाता जाता खुर्च्या मांडत, पत्रकं वाटत, आपल्या भाषेत सांगायचं तर सतरंज्या उचलत. सत्तरच्या दशकाच्या मध्याला या पक्षाचे अठरा लाखांच्या आसपास सदस्य होते, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे दहा लाखांहून जास्त. दुसऱ्या बाजूला चर्चच्या आवारातली मुलांची क्रीडांगणं, कामगार संघटनांच्या कचेऱ्या, सहकारी दुकानं. अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा होती. तिच्यात सिसिलीचा मुलगा फ्रिउलीच्या बराकीत जाऊन पडे आणि आपल्या गावापलीकडे देश आहे हे त्याला, नाखुशीने का होईना, कळे. या कशालाच राजकीय जागृती म्हणता येणार नाही. पण राजकारणात रस नसलेल्या माणसालाही सार्वजनिक आयुष्यात ओढून नेणारी ही व्यवस्था होती. माणूस घरचाच राहायचा, पण त्या घराचे बाहेर धागे असायचे.

हे धागे एकेक करून तुटले, आणि ते तोडण्यात तरुणांचा हात जवळपास नव्हता. पहिला घाव हिंसेचा. 1978च्या वसंतात ‘लाल ब्रिगेड’ या अतिडाव्या सशस्त्र गटाने माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवून नेलं आणि 55 दिवसांनी त्यांचा मृतदेह रोममध्ये एका मोटारीत सापडला. 1980च्या ऑगस्टमध्ये बोलोन्या स्थानकावरच्या स्फोटात 85 माणसं गेली. राजकारण म्हणजे रक्त, असं समीकरण डोळ्यांदेखत मांडलं गेलेली पिढी घराकडे वळली, आणि वृत्तपत्रांनी या माघारीला ‘ओहोटी’ हे नावही दिलं. दुसरा घाव 1991 ते 1994 या तीन वर्षांतला. कम्युनिस्ट पक्षाने स्वतःला विसर्जित केलं. 17 फेब्रुवारी 1992ला मिलानमध्ये एका वृद्धाश्रमाच्या अध्यक्षाला लाच घेताना पकडण्यात आलं आणि तिथून उलगडत गेलेल्या प्रकरणांत जुने पक्षच्या पक्ष वाहून गेले. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षही 1994 साली संपला. त्यांच्या जागी आलेले पक्ष दूरचित्रवाणीवर राहत, गल्लीत नव्हे. तिसरा घाव जेनोव्हाचा. जुलै 2001मध्ये जी-8 परिषदेविरोधात जमलेल्या लाखोंमध्ये बहुसंख्य तरुण होते. एक तेवीस वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्या रात्री दियाझ शाळेत झोपलेल्या आंदोलकांना पोलिसांनी घुसून झोडपलं. या मारहाणीला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2015मध्ये छळ ठरवलं. इटलीत छळाला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा यायला 2017 उजाडलं. सक्तीची लष्करी सेवा 2005पासून स्थगित झाली. तिच्याबद्दल हळहळायचं कारण नाही, पण तिची जागा घेणारं सर्वांसाठीचं दुसरं काही आलं नाही, हे खरं.

याच काळात सार्वजनिक निर्णयांनी तरुणांशी कसा व्यवहार केला, ते दोन कायद्यांत स्वच्छ दिसतं. 1995च्या निवृत्तिवेतन सुधारणेत असं ठरलं, की ज्यांची वर्गणी 1995च्या अखेरीस किमान अठरा वर्षांची झाली आहे त्यांना जुन्या, पगारावर आधारलेल्या उदार हिशेबाने पेन्शन मिळेल. जे 1996पासून नोकरीला लागतील त्यांना फक्त भरलेल्या वर्गणीच्या प्रमाणात. सुधारणा गरजेची होती, हे कोणीही अर्थतज्ज्ञ सांगेल. पण तिचा भार कोणावर पडला? वाटाघाटीच्या टेबलाशी जे नव्हते त्यांच्यावर. वीस वर्षांनी हाच प्रकार पुन्हा झाला. 7 मार्च 2015पासून कामाला लागलेल्यांसाठी नोकरीवरून काढण्याचे नियम सैल झाले. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत लागलेल्यांचं संरक्षण शाबूत राहिलं. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, दोन माणसांना दोन कायदे, आणि फरक फक्त कामाला लागल्याच्या तारखेचा. दोन्ही वेळा सरकारांनी तडजोड केली, आणि 1995मध्ये कामगार संघटनांनीही आपल्या तेव्हाच्या सदस्यांचं भलं पाहिलं. त्यांच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. संघटना सदस्यांसाठीच असते. फक्त त्यानंतर तरुण संघटनेत का येत नाहीत, असं विचारू नये.

या सगळ्यावर शेरेबाजीची फोडणी होतीच. 2007 साली अर्थमंत्री तोम्मासो पादोआ-स्क्योप्पा यांनी आईवडिलांकडे राहणाऱ्यांना ‘मोठी झालेली तान्ही बाळं’ अशा अर्थाचा शब्द वापरला. 2012 साली श्रममंत्री एल्सा फोर्नेरो म्हणाल्या, की तरुणांनी नोकरीच्या बाबतीत फार चोखंदळ असू नये. पुढे दोन वर्षांतच 15 ते 24 वयोगटातल्या काम मागणाऱ्यांपैकी जवळपास 43 टक्के बेकार होते. इटालियन मुलं आजही सरासरी तिसाव्या वर्षी घराबाहेर पडतात. युरोपीय संघाची सरासरी सव्वीसच्या आसपास आहे. याचा अर्थ त्यांना आईच्या हातचं जेवण सोडवत नाही असा काढायचा, की भाडं परवडत नाही असा? 2023च्या मे महिन्यात मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने भाड्यांच्या निषेधार्थ संस्थेसमोरच्या चौकात तंबू ठोकला आणि काही दिवसांत रोमसह इतर ठिकाणच्या विद्यापीठांसमोर तंबू उभे राहिले. घर सोडायचं नसलेली माणसं तंबूत झोपत नाहीत. बेकारभत्ता तुटपुंजा, घरबांधणीची सरकारी योजना नावापुरती, अशा देशात आजोबांची पेन्शन हीच नातवाची समाजकल्याण योजना होते. कुटुंबाला पहिला क्रमांक देणं ही मग बॅनफिल्ड म्हणतात तशी अनीती राहत नाही. संकटात ज्याने हात दिला त्याचं नाव पहिलं घेणं, एवढंच ते आहे.

अर्थकारणाने सगळा उलगडा होतो असंही मी म्हणणार नाही. न शिकणाऱ्या आणि न कमावणाऱ्या तरुणांचं प्रमाण 2014मध्ये 26 टक्के होतं, ते 2024पर्यंत 15 टक्क्यांवर आलं. तरी मतदान वाढलं नाही. खिसा थोडा सावरला म्हणून तुटलेले धागे आपोआप जुळत नाहीत.

बॅनफिल्डच्या बाजूने अजूनही बोलता येईल असा एक आकडा आहे. 2022मध्ये एमिलिया-रोमान्यात 72 टक्के मतदान झालं, कालाब्रियात जेमतेम 51. म्हणजे दक्षिणेचा स्वभावच तो? या आकड्यामागे एक अगदी रुक्ष, कारकुनी बाब आहे. इटलीत देशांतर्गत टपाली मतदान नाही. ज्या गावात नाव नोंदलेलं, तिथेच जाऊन मत द्यायचं. तोरिनोला शिकणारी किंवा बोलोन्यात नोकरी करणारी कालाब्रियाची मुलगी कागदोपत्री कालाब्रियातच असते. मतासाठी गावी जाणं आपल्यालाही नवं नाही, पण रेल्वेने एक रात्र आणि अर्धा दिवस, तेही भाड्यात सवलत धरून स्वतःच्या खर्चाने, हे दर वेळी कोण करणार? सरकारनेच 2022मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेत नोंदणीच्या गावापासून दूर राहणाऱ्या मतदारांची संख्या 49 लाखांच्या घरात धरली आहे. मतदार जवळपास पाच कोटी, म्हणजे दहात एक. 2024मध्ये पहिल्यांदा, ‘प्रयोग’ म्हणून, बाहेरगावी शिकणाऱ्यांना आहे तिथून मत देऊ दिलं. त्यासाठी आगाऊ अर्ज हवा होता, तो सुमारे 24 हजार मुलांनीच केला. उदासीनतेचा पुरावा म्हणून हा आकडा लगेच फिरवला गेला. अर्जाची मुदत मतदानाच्या पाच आठवडे आधी संपत होती, आणि ज्यांचं मूळ गाव दुसऱ्या मतदारसंघात होतं त्यांना मत द्यायला, शिकत असलेल्या प्रांताच्या राजधानीपर्यंत जावं लागत होतं, याची चर्चा मात्र कमी झाली. मताधिकाराच्या इतरही अटी पाहा. 2021च्या घटनादुरुस्तीपर्यंत वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला पंचविसावं वर्ष लागायचं. त्या सभागृहात निवडून जायचं तर आजही चाळिशी गाठावी लागते. आणि 1992च्या कायद्यानुसार परदेशी आईबापांच्या पोटी इटलीत जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षं सलग तिथे राहून, मग वर्षभरात अर्ज करून नागरिकत्व मिळतं. पो नदीच्या खोऱ्यात पार्मेझान चीजसाठी गाई सांभाळणाऱ्या पंजाबी कुटुंबांतली, एमिलियाच्या बोलीत भांडणारी मुलंही त्यात आली. ती सार्वजनिक जीवनातून दूर गेली असं म्हणताच येत नाही. त्यांना अजून आत घेतलेलंच नाही.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. मतपेटी म्हणजेच सार्वजनिक जीवन कोणी ठरवलं? तरुण रस्त्यावर आहेतच की. 2019ची हवामान आंदोलनं झाली, आणि 2023च्या नोव्हेंबरात पूर्वीच्या मित्राने मारलेल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीसाठी देशभर मोर्चे निघाले. 22 सप्टेंबर आणि 3 ऑक्टोबर 2025च्या गाझासाठीच्या संपांत बंदरं आणि स्थानकं अडली, लाखो लोक उतरले, त्यात शाळकरी मुलंही होती. मे 2023च्या पुरानंतर रोमान्यात फावडी आणि बादल्या घेऊन आलेली पोरं गुडघाभर चिखलात गाणी म्हणत परक्यांची तळघरं उपसत होती. 1966च्या फिरेंझेतल्या पुरात भिजलेली हस्तलिखितं हातोहात बाहेर काढणाऱ्या तरुणांना मिळालेलं ‘चिखलातले देवदूत’ हे नाव लोकांनी त्यांनाही दिलं. ही माणसं आत्मकेंद्री आहेत असं म्हणणाऱ्याने तो चिखल पाहिलेला नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच दुखणं मूल्यांचं नाही असं मी म्हणतो आहे. पण चिखल उपसला की मुलं घरी जातात. त्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा एकत्र बोलावणारं, नदीकाठच्या बांधकामाबद्दल पालिकेला जाब विचारायला लावणारं कोणी मागे उरत नाही. संघटित आणि वैयक्तिक मिळून स्वयंसेवी काम करणाऱ्यांचं प्रमाणही 2013 ते 2023 या दशकात साडेबारा टक्क्यांवरून नऊच्या आसपास उतरलं, म्हणजे राजकारण नको पण समाजसेवा चालते, हा दिलासाही पुरता खरा नाही. हाकेला लोक येतात पण मागे काही उरत नाही, याचं चांगलं उदाहरण म्हणजे उजव्या पक्षांविरोधातलं ‘सार्डीन’ आंदोलन. 14 नोव्हेंबर 2019ला बोलोन्याच्या पियात्सा माज्जोरेत तिशीतल्या चौघांच्या हाकेवर दहा हजारांहून जास्त लोक दाटीवाटीने उभे राहिले. दोन महिन्यांनी एमिलिया-रोमान्याच्या प्रांतिक निवडणुकीत 67.7 टक्के मतदान झालं. आधीच्या निवडणुकीत ते 37.7 होतं. तीस टक्केबिंदूंची उडी! आपलं मत कशावर तरी फरक पाडेल असं वाटलं, की लोक येतात. पण सार्डीनवाल्यांनी ना शाखा काढल्या ना सदस्य नोंदले, तो त्यांचा अभिमानाचा विषय होता. 2024च्या नोव्हेंबरात तिथलं मतदान 46 टक्क्यांवर आलं. गाझासाठीचे मोर्चे संपून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा तोस्कानात प्रांतिक मतदान झालं. ते 48 टक्क्यांच्या आत राहिलं. पाच वर्षांपूर्वी तिथेच 62 टक्क्यांहून जास्त होतं.

कोणी म्हणेल, पक्ष तरुणांना संधी देतातच. मात्तेओ रेन्झी एकोणचाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झाले, लुईजी दी मायो एकतिसाव्या वर्षी उपपंतप्रधान. पण वय हा पुरावा नाही. ‘पंचतारांकित चळवळी’ने 2018मध्ये तरुणांच्या भरघोस पाठिंब्यावर जवळपास एक तृतीयांश मतं घेतली, मग चार वर्षांत आधी उजव्यांबरोबर, नंतर डाव्यांबरोबर आणि शेवटी जवळपास सगळ्यांबरोबर सरकारात बसून दाखवलं. मत दिलं तरी हातात काय पडेल याचा नेम नाही, हा धडा ज्यांनी पहिल्याच मतदानात घेतला त्यांना दुसऱ्यांदा आणणं अवघड. खरी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पंतप्रधान जॉर्जा मेलोनींची आहे. त्या 1992 साली, पंधराव्या वर्षी, रोमच्या गार्बातेल्ला भागात एका उजव्या पक्षाच्या युवा शाखेत दाखल झाल्या आणि तिथून पायरी पायरीने वर चढल्या. म्हणजे ज्या जुन्या, गल्लीतल्या, पत्रकं चिकटवणाऱ्या राजकारणाला सगळे मोडीत काढून बसले होते, त्याच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एक देशाच्या सर्वोच्च सत्तेवर आहे. त्यांच्याच सरकारने 2025च्या कायद्याने अंगाने रस्ता अडवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा केला.

लोक घरी बसल्याने कोणाचं नुकसान होतं, हे सांगायला नको. फायदा कोणाचा होतो, ते 8 आणि 9 जून 2025च्या सार्वमतात दिसलं. पाच प्रश्न होते. एक नागरिकत्वासाठी दहाऐवजी पाच वर्षांचा रहिवास पुरेसा ठरावा म्हणून, आणि चार कामाबद्दल, त्यातला पहिला 7 मार्च 2015पासूनच्या त्या नोकरी-करारांबद्दलचा. राज्यघटनेच्या 75व्या कलमानुसार निम्म्याहून जास्त मतदार आले तरच असं सार्वमत वैध ठरतं. त्यामुळे ‘नाही’ म्हणायचं असेल तर प्रचार करून मत देण्यापेक्षा लोकांना घरी ठेवणं स्वस्त पडतं. सत्ताधारी पक्षांनी उघडपणे तेच सुचवलं. पंतप्रधान मेलोनी स्वतः रोममधल्या केंद्रावर गेल्या आणि मतपत्रिका न घेता परतल्या. जेमतेम 30 टक्के मतदान झालं. आलेल्यांपैकी कामाच्या प्रश्नांवर 85 टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं, नागरिकत्वावर 65 टक्क्यांनी. गणसंख्या भरली नाही, आणि 2015च्या मार्चनंतर कामाला लागलेल्यांचा वेगळा कायदा तसाच लागू राहिला.